रांगेतल्या पहिल्या झाडाची पाटी

आमच्या बोस्कोप गावच्या रोपवाटिकांत एक पद्धत आहे. एका जातीची रांग लावली की पाटी फक्त पहिल्या झाडाला बांधायची. मागची चोवीस झाडं मुकाट पहिल्याच्या नावावर वाढतात, विकली जातात आणि कुठल्यातरी परक्या बागेत त्याच नावानं म्हातारी होतात. प्रत्येक झाडाला पाटी बांधत बसलं तर बाकीची कामं काय आकाशातून पडणार आहेत? आमच्यातल्या कुणालाही विचारा, हेच सांगेल. क्राइनही हेच सांगायचा, फक्त सांगताना कालव्याकडे बघायचा.

क्राइन चौदाव्या वर्षी फर्लोपांच्या वाटिकेत लागला, आणि ही गोष्ट घडली त्या चौऱ्याहत्तर सालच्या फेब्रुवारीत सत्तेचाळिसाचा होता. अंगानं काटकुळा, कान थंडीनं कायमचे लाल. एका जागी स्वस्थ बसणं त्याला देवानं शिकवलंच नव्हतं. जेवतानासुद्धा टेबलाखाली त्याचा एक पाय हलत असायचा. त्याची बायको नेल म्हणायची, "शिवणयंत्र घ्यायची ऐपत नाही आपली, पण आवाज मात्र घरात आहे बाई."

झाडांची ओळख म्हणाल तर त्याच्यासारखी आख्ख्या गावात कुणाला नव्हती. पानं झडलेल्या फांदीवर नुसता अंगठा फिरवून तो नाव सांगायचा. नाव मात्र आम्हा गड्यांचं. पुस्तकातली लॅटिन नावं हातभर लांब. गुडघाभर चिखलात, बोटं गारठलेली असताना ती उच्चारायची कुणी? म्हणून झाडं छाटतो तशी आम्ही नावंही छाटतो. खामेसिपारिस या सुरूसारख्या झाडाचा झाला 'खामा', रोडोडेन्ड्रॉनचा 'रोडो', कोटोनेआस्टरचा 'कोटो'. याला आम्ही 'क्वेकर्सलाटाइन' म्हणतो, रोपवाल्यांचं लॅटिन. बागकाम शाळेतले कोइमान मास्तर त्याला 'पोत्येसलाटाइन' म्हणतात, म्हणजे औषधवाल्याच्या बरण्यांवरचं मोडकंतोडकं. म्हणताना नाक असं मुरडतात, जणू आम्ही लाकडी बूट घालून त्यांच्या दिवाणखान्यात शिरलोय.

तर त्या वर्षी आमचा जुना मुकादम आरेंड निवृत्त व्हायचा होता. फर्लोप मालकांनी क्राइनला बोलावून सांगितलं, "जागा तुझी, क्राइन. पण परदेशी माल जातो तेव्हा झाडांच्या नावांखाली मुकादमाची सही लागते. तुझा तो खामा-रोडो तिथं चालायचा नाही. शाळेची झाडओळखीची परीक्षा दे, कागद आण. नाहीतर मला बाहेरचा माणूस बघावा लागेल."

मुकादमकीबरोबर पुलाजवळचं घर मिळायचं, खरी गोम तिथं होती. उंचावरचं, कोरडं, दक्षिणेला खिडक्या. क्राइनचं घर कालव्याच्या काठाला टेकलेलं. भिंतींना बारमाही ओल, आणि नेलची छाती ऑक्टोबरात जी वाजायला लागायची ती मेपर्यंत थांबायची नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आणखी दोन हिवाळे या घरात काढलेत तर पुढचं मला विचारू नका. आता सांगा, या माणसानं परीक्षेला बसायचं नाही तर काय करायचं?

बसला. आख्खा हिवाळा स्वयंपाकघराच्या खिडकीत रिकाम्या बरण्या, बरणीत एकेक फांदी. नेल वाटाण्याचं सूप ढवळता ढवळता खोकायची आणि विचारायची, "सात नंबर?" क्राइन येरझाऱ्या घालत उत्तर द्यायचा. ती डाव उगारून म्हणायची, "छाटलेलं नको, सबंध सांग. पुन्हा." सोळाव्या वर्षातली कॉरी, त्यांची लेक, हसून लोटपोट व्हायची. वाटिकेत तर विचारू नका. बेर्ट नावाचा एक गडी होता, तोंडाचा फाटका. तो रोज सकाळी टोपी काढून वाकायचा, "काय महाराज, पोप व्हायला निघालात म्हणे? आमच्यासाठी दोन शब्द लॅटिनमध्ये सोडा की!"

"तुझ्यासाठी एकच शब्द आहे, आणि तो लॅटिनमध्ये नाही," क्राइन म्हणायचा.

हसायचा, पण हसू काही आत उतरायचं नाही. रात्र रात्र कूस बदलायचा, पहाटे उठून बरण्यांतलं पाणी बदलायचा, कामावर एकच दोरी तीनदा बांधायचा. सगळ्यांना वाटलं परीक्षेचा धसका. तो धसका होताच, पण परीक्षेचा नव्हता.

त्याचं मूळ सोळा वर्षं मागं आहे. आत्ताच्या मालकांचे वडील, थोरले फर्लोप, तेव्हा वाटिका बघायचे. ठार बहिरे, त्यांच्याशी बोलायचं म्हणजे पलीकडच्या वाटिकेलाही ऐकू जायचं. तपकीर ओढून ओढून नाकही गेलेलं. डोळे मात्र घारीचे. त्यांनी बियांपासून एक निळा खामा तयार केला होता. वीस वर्षं त्याच्यामागं घालवली. बंद, ताठ, सरळसोट झाड. नाव ठेवलं 'निळा पहारेकरी'. या झाडाची म्हणे फांदी बर्फानं वाकणार नाही. छप्पन्नच्या कडाक्यात मूळ झाड मेलं, पण त्याआधी क्राइननं स्वतःच्या हातानं त्याची कलमं करून ठेवली होती. पंचवीस रोपं जगली. शेजारच्याच रांगेत बाहेरून आणलेला एक साधा निळा खामा होता, 'वाटरमन'. दिसायला डिट्टो तसाच. फरक फक्त वासात. पाला चुरगाळला की वाटरमनला कोथिंबिरीच्या देठांचा वास यायचा, पहारेकऱ्याला ओल्या आगकाडीचा. पण उभ्या झाडाचा पाला चुरगाळत कोण बसतो? पाटी असते ना.

अठ्ठावनच्या मार्चमध्ये क्राइन शेणखताची ढकलगाडी घेऊन त्या दोन रांगांच्या तोंडाशी आला आणि पुलावरून शेजारीण ओरडली, "क्राइन, नेलला कळा सुरू झाल्या रे!" गाडी कलंडली. दोन्ही पाट्या खताखाली गेल्या. त्यानं त्या उपसल्या, मांडीला पुसल्या, अंदाजानं एकेका झाडाला अडकवल्या आणि धूम ठोकली. त्या संध्याकाळी कॉरी जन्माला आली. चार दिवसांनी कामावर आला तोवर पाट्यांची आठवणही राहिली नव्हती.

कळलं ते पुढच्या वर्षी, छाटणी करताना. हाताला वास आला तो कोथिंबिरीचा, आणि पाटी होती पहारेकऱ्याची. तेव्हाच मालकांच्या कानात ओरडून सांगायला हवं होतं की नाही? पण तोवर त्या रांगेवरून हजारभर कलमं झाली होती, गिऱ्हाइकांकडे गेली होती. शाळेनंही बागेसाठी एक रोप मागून नेलं. तान्ही पोर घरात, नोकरी गेली तर खायचं काय? उद्या सांगू म्हणत राहिला. मग एका शरदात त्यानं गुपचूप खरी झाडं खोट्या रांगेत हलवायचा शहाणपणा केला. निम्म्यावर असताना आरेंडनं हाक मारली, काम अर्धवट राहिलं, आणि दोन्ही रांगांची खिचडी झाली. त्यानंतर त्यानं हात लावला नाही.

मग बासष्टचा ओला बर्फ पडला. सकाळी थोरले फर्लोप काठी टेकत आपले पहारेकरी बघायला गेले, क्राइन बरोबर होता. रांगेतली निम्मी झाडं उलटलेल्या छत्रीसारखी उघडून पडली होती. म्हाताऱ्यानं काठीनं एक फांदी वर उचलून बघितली. "माझं लॅटिन संपलं," एवढं म्हणाला. आमच्याकडे माणूस पार हरला की असंच म्हणतो. एप्रिलमध्ये त्याला पुरलं. गड्यांनी त्या झाडाला नाव ठेवलं 'सैल खामा', आणि ते चिकटलं. कागदावर 'निळा पहारेकरी', आमच्या तोंडी 'सैल खामा'. क्राइनला तो शब्द ऐकला की कान बंद करून घ्यावेसे वाटायचे. आणि त्या सकाळचं आणखी एक वाक्य होतं, जे तो स्वतःशीसुद्धा बोलत नसे.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी दुपारी नेलनं खिडकीतल्या बरण्या मोजल्या. "एक विचारू? मालकांच्या घरचंच झाड, निळा पहारेकरी, ते तू एकदाही बरणीत ठेवलं नाहीस. ते येणार नाही का परीक्षेत?"

"येणार. दर वर्षी येतं. शाळेच्या बागेत आहे ना."

"मग?"

क्राइन फिरायचा थांबला, बसला, उठला, पुन्हा बसला. मग सगळं सांगितलं. ढकलगाडी, वास, बर्फ. नेलनं डाव खाली ठेवला.

"फांदी बघितलीस की पाटीवर जे आहे ते लिही," ती म्हणाली. "झाड आहे रे ते, क्राइन. कुणी मेलं का त्यात?"

क्राइन उठून खिडकीकडे गेला. नेललाच आपलं बोलणं टोचलं असावं. तिनं शाल घट्ट ओढली. "मला ते घर हवंय," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? खूप हवंय." आणि डोळे पुसत सूप वाढायला उठली.

परीक्षेच्या दिवशी शाळेच्या मोठ्या खोलीत लांब टेबलावर चाळीस बाटल्या, चाळीस फांद्या. अकरा परीक्षार्थी, दहा मिसरूड फुटलेले आणि एक क्राइन. खोलीत एकदम शांतता, फक्त एक बूट फरशीवर टकटकत होता. कुणाचा ते सांगायला नको. एकेक बाटली पुढं सरकत गेली. आसेर, इलेक्स, टाक्सस. सबंध नावं, एकही छाटलेलं नाही. तेविसाव्या बाटलीत निळा खामा. त्यानं पाला चुरगाळला. कोथिंबीर. पेन्सिल हातातच राहिली. मागचा पोरगा खाकरला, "काका, सरका की पुढं."

क्राइननं लिहिलं, 'वाटरमन'.

कॉफीनंतर निकाल. आत तीन परीक्षक: कोइमान मास्तर, शेजारच्या गावचे एक गृहस्थ, आणि फर्लोप मालक स्वतः. मास्तरांचा चेहरा फुललेला. "क्राइन, चाळिसात एकोणचाळीस! मी कान धरतो. तुमच्या त्या बरणीछाप लॅटिनमधून एवढं सोनं निघेल असं वाटलं नव्हतं. आणि चुकलास कुठं, तर मालकांच्याच झाडाला! तेवीस नंबर. अहो फर्लोप, घरच्या गड्यानं घरचं झाड ओळखलं नाही."

मालक मोठ्यानं हसले. "घाबरला असेल. जाऊ दे रे क्राइन, चालतं. एक तारखेपासून तू मुकादम."

झालं होतं सगळं. नुसतं टोपी हातात धरून लाजायचं, आभार मानायचे आणि सायकलवर टांग टाकून नेलकडे जायचं. दाराच्या कडीला हात लागलासुद्धा. पण त्याला दिसायला लागली ती स्वतःची सही, परदेशी मालाच्या प्रत्येक कागदावर, त्या नावाखाली, निवृत्त होईपर्यंत. तो वळला.

"मालक, चूक नाही ती. ते झाडच वाटरमन आहे."

"काहीतरीच काय!" मास्तर उसळले. "तुमच्याच वाटिकेतून आणलंय ते. पाटी आहे त्याला."

"पाटी मीच लावली होती," क्राइन म्हणाला, आणि उभ्याउभ्या, श्वास न घेता, सगळं सांगून टाकलं.

मालकांचं हसू कुठल्या कुठं गेलं. त्यांनी टोपी उचलली आणि ते निघून गेले. मास्तरांच्या हातात प्रमाणपत्र होतं, ते द्यावं की न द्यावं तेच त्यांना कळेना. शेवटी क्राइनच्या खिशात कोंबलं.

पुढचे चार दिवस काय सांगू! मालक वाटिकेत फिरकले नाहीत. बेर्टनंसुद्धा टोपी काढली नाही, म्हणजे समजा. क्राइन घरातून वाटिकेत, वाटिकेतून पुलापर्यंत, पुलावरून पुन्हा घरी असा खेपा घालायचा. प्रमाणपत्र नेलनं कपाटात पालथं ठेवलं. ती चिडली नव्हती, तेच त्याला सहन होत नव्हतं. "एकदा ओरड तरी माझ्यावर," तो म्हणाला. "ओरडायला दम लागतो," ती म्हणाली. मग त्याचा पडलेला चेहरा बघून तिनं त्याच्या ताटात पावाचा आणखी एक तुकडा ठेवला.

शनिवारी सकाळी मालकांचा निरोप आला, पुलाजवळच्या घरी ये. क्राइन पोचला तेव्हा आरेंड खिडकीतून बघत होता, आणि मालक शिडीवर होते. घराच्या कोपऱ्यात छपराएवढा उंच निळा खामा होता; एकोणसाठ साली आरेंडनं वाटरमनच्या रांगेतून उचलून सहज तिथं लावलेला. मालक कालव्यात बुडवलेली जड पोती त्याच्या फांद्यांवर एकावर एक टाकत होते. कोट भिजून चिंब.

"बर्फाची वाट कोण बघणार," ते वळून न बघता म्हणाले. "शाळेतल्या झाडावर सकाळीच टाकून आलो. दुसऱ्या पोत्याला उघडून पडलं. याच्यावर हे सातवं."

ते खाली उतरले. दोघं बघत राहिले. पोत्यांतून पाणी गळत होतं. झाड जरासं दबलं, आणि तसंच बंद, सरळ उभं राहिलं. क्राइननं हळूच पाला चुरगाळून हात पुढं केला. मालकांनी वास घेतला. ओली आगकाडी.

"बारा वर्षं मी म्हणत आलो, बाबांचा अंदाज चुकला," मालक म्हणाले. "लोकांना हसून सांगायचो. त्यांच्या माघारी." मग जरा थांबून, "त्या बर्फाच्या सकाळी तू होतास ना बरोबर?"

"होतो."

"काही विचारलं त्यांनी तुला?"

आता मात्र क्राइनचा पाय हलायचा थांबला. "विचारलं. म्हणाले, क्राइन, हे माझंच झाड ना रे?"

"मग?"

"मी म्हटलं, पाटी तर तेच सांगते, मालक. त्यांना ऐकू जाईना. म्हणून पुन्हा ओरडून सांगितलं."

मालक पाठमोरे झाले. खिडकीतला आरेंड हळूच आत सरकला. कालव्यातून एक होडगं गेलं, त्यावरच्या माणसानं हात केला, कुणी उलट हात केला नाही. क्राइन रडत होता, आणि डोळे पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

"एक मेला घर मिळेल," मालक पाठमोरेच म्हणाले. "नेलच्या छातीनं काय गुन्हा केलाय? आणि मुकादमही तूच. खुशीनं देत नाहीये, एवढं लक्षात ठेव. अठराशे झाडं उभी आहेत मिसळलेली. ती निवडणारं दुसरं नाक माझ्याकडे नाही. एकेक झाड चुरगाळून बघायचं, आणि एकेकाला पाटी."

"प्रत्येकाला?"

"प्रत्येकाला. पहिल्याच्या भरवशावर राहायचे दिवस संपले."

त्यांनी कोटाच्या खिशातून एक कोरी पाटी आणि पेन्सिल काढून पुढं केली. क्राइननं गुडघ्यावर ठेवून लिहिलं. सबंध नाव, एक अक्षर न छाटता, आणि त्यापुढं 'निळा पहारेकरी'. त्याखाली मालकांनी सांगितल्याप्रमाणं थोरल्या फर्लोपांचं नाव. पाटी झाडाला बांधली, गाठ दोनदा ओढून बघितली.

"वाच," मालक म्हणाले.

क्राइननं वाचलं.

"मोठ्यानं. बाबांना कमी ऐकू यायचं."

क्राइननं पुन्हा वाचलं.